बॅजर काय खातो आणि उरलेलं कुठे ठेवतो

प्रश्न असा आहे: अमेरिकेतला बॅजर, म्हणजे माळावर बिळं खणून राहणारा चपटा, रुंद शिकारी प्राणी, नेमकं काय खातो, हिवाळ्यासाठी अन्नाची बेगमी करतो का, आणि एकट्या बॅजरनं आख्खी गाय जमिनीत पुरल्याचा जो व्हिडिओ फिरतो तो खरा आहे का? सापळे लावणाऱ्यांना यातलं काय काय पाहायला मिळतं, हेही विचारलंय.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. व्हिडिओ खरा आहे. गाय मात्र नव्हती, वासरू होतं. जानेवारी २०१७ मध्ये युटा विद्यापीठाचे संशोधक इव्हान ब्यूचली यांनी युटातल्या ग्रासी माउंटन्स भागात मेलेली सात वासरं वेगवेगळ्या जागी ठेवली होती. ऐन थंडीत मेलेल्या जनावरावर कोण कोण येतं हे त्यांना पाहायचं होतं. प्रत्येक वासरासमोर आपोआप फोटो घेणारा कॅमेरा होता आणि कोणी ओढून नेऊ नये म्हणून वासरू मेखेला बांधलेलं होतं. काही दिवसांनी जाऊन बघतात तर एक वासरू गायब. आधी त्यांना वाटलं, कायोटीनं (इथला कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी) नाहीतर एखाद्या मोठ्या जनावरानं ओढून नेलं. मग जागेवरची माती उकरलेली दिसली, कॅमेरा तपासला आणि उलगडा झाला. एका बॅजरनं पाच दिवस खणून ते वासरू पूर्ण जमिनीखाली घातलं होतं. वासराचं वजन साधारण २३ किलो, म्हणजे बॅजरच्या स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे तो बहुतेक वेळ तिथेच जमिनीखाली राहिला, आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत अधूनमधून येत राहिला. दुसऱ्या एका जागी दुसऱ्याच बॅजरनं हाच उद्योग सुरू केला होता, फक्त त्याचं काम अर्धवट राहिलं.

त्या फोटोंमध्ये बघण्यासारखं आहे ते त्याचं तंत्र. त्यानं वासरू कुठेही नेलं नाही. त्याच्या कडेची आणि खालची माती काढत गेला. खालचा आधार सुटला तसं वासरू खाली बसत गेलं, आणि मग वरून माती. शेजारीच स्वतःला राहायला बीळ. बॅजरच्या खाण्याबद्दल आणि साठवणीबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: हा प्राणी अन्न घरी नेत नाही, जिथे अन्न असेल तिथे घर खणतो. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. वायोमिंगमध्ये मी बरीच वर्षं परवान्यानं सापळ्यांचं काम करतो. रँचवाल्यांसाठी, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांसाठी, त्रास देणाऱ्या कायोटी धरणं आणि अभ्यासासाठी जनावरं जिवंत पकडून देणं, अशी दोन्ही कामं. बॅजर मला फार वेळा नको असताना सापडलाय, कारण कायोटीसाठी लावलेल्या सापळ्यावर तो हमखास येतो. का येतो, ते पुढे येईलच.

आधी खाणं. बॅजर मांसाहारी आहे आणि त्याचं मुख्य अन्न म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारे कुरतडणारे प्राणी. आपल्याकडची खार झाडावर पळते. इथे ग्राउंड स्क्विरल नावाच्या खारींच्या अनेक जाती आहेत, त्या माळावर बिळं करून वसाहतीनं राहतात. वायोमिंग, आयडाहो, मोंटाना, कॅनडातलं अल्बर्टा, कुठेही जा, बॅजरचं पोट मुख्यतः या खारींवर चालतं, फक्त जात बदलते. आयडाहोच्या नैऋत्येला स्नेक नदीच्या परिसरात मेसिक आणि हॉर्नॉकर यांनी जो मोठा अभ्यास १९८१ मध्ये छापला, त्यात टाउनसेंड खार हेच मुख्य भक्ष्य निघालं. अल्बर्टात रिचर्डसन खार. त्याखेरीज प्रेअरी डॉग, पॉकेट गोफर, कांगारू रॅट, व्होल, उंदीर, आणि डोंगराळ भागात मार्मट, हे सगळे कुरतडणारेच प्राणी. ससे मिळाले तर तेही.

हे नसेल तेव्हा बॅजर जे मिळेल ते खातो. भुंग्यांची जमिनीतली पोळी उकरतो, बीटल आणि त्यांच्या अळ्या, नाकतोडे खातो. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातो. प्रेअरी डॉगच्या जुन्या बिळात घरटं करणारं बिळघुबड आहे, त्याच्या घरट्यांचा हा मोठा शत्रू. नदीकाठच्या मातीच्या कड्यात पाकोळ्यांची भोकं असतात, तिथेही तो पोचतो. रॅटलस्नेकसकट साप खातो. मेलेलं ढोर खातो. मक्याच्या पट्ट्यात त्याच्या विष्ठेत मक्याचे दाणेही सापडलेत, पण ते थोडं.

यादी लांबली, पण तिच्यावरून बॅजर सर्वभक्षी वाटत असेल तर तसं समजू नका. खारी भरपूर असतील तिथला बॅजर दुसऱ्या कशाकडे फारसा वळत नाही. त्याचा सगळा देह एका कामासाठी घडलाय. पुढच्या पायांच्या नख्या चार-पाच सेंटिमीटर लांब, खांदे आणि पुढचे पाय कमालीचे मजबूत, शरीर चपटं आणि रुंद, कातडं इतकं सैल की तंग बोगद्यात तो अंग वळवू शकतो. डोळ्यावर पारदर्शक आतलं पापुद्र्याचं झाकण, कानात माती जाऊ नये म्हणून केस. मादी साधारण सहा-सात किलोची, नर आठ-नऊचा, हिवाळ्याच्या तोंडाशी खाऊन भरलेला नर १० किलोच्या पुढेही जातो. धावून सशाला गाठणं हे त्याचं काम नाही. बिळात शिरलेल्याला खणून काढणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याच्या तोडीचा प्राणी या माळावर नाही.

खणणं म्हणजे नुसती ताकद असं मात्र नाही. लेथब्रिज विद्यापीठाच्या गेल मिचनर यांनी दक्षिण अल्बर्टात रिचर्डसन खारींच्या वसाहती वर्षानुवर्षं पाहिल्या. खारींचा अभ्यास करता करता त्यांना बॅजरचाही अभ्यास घडला, कारण खारींच्या मागे बॅजर येणारच. त्यांनी २००४ मध्ये जे नोंदवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. बॅजर खणायच्या आधी किंवा खणता खणता बिळाची बाकीची तोंडं मातीनं बुजवतो, म्हणजे खारीला पळायला वाट राहत नाही. माती जवळ नसेल तर लांबून ढिगाऱ्यातली ओढून आणतो. आणि एका बॅजरनं तर लाकडाचे ठोकळे आणि असल्याच पडलेल्या वस्तू ओढून आणून बिळांच्या तोंडात बसवल्या होत्या. मी स्वतः ठोकळे बसवलेले पाहिलेले नाहीत, पण बुजवलेली तोंडं खूप पाहिलीत. सकाळी वसाहतीवर गेलं की ताजी, ओलसर, वेगळ्या रंगाची माती चार-पाच भोकांवर दाबलेली दिसते आणि मध्ये एकच मोठं उकरलेलं भगदाड. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, एका जनावरानं उगाच चार ठिकाणी खणून सोडून दिलं.

कायोटीबरोबरची त्याची जोडी खरी आहे का, असं लोक नेहमी विचारतात, म्हणून दोन ओळी. खरी आहे. वायोमिंगमध्येच जॅक्सनजवळच्या नॅशनल एल्क रेफ्यूज या अभयारण्यात स्टीव्हन मिंटा आणि सहकाऱ्यांनी ती नीट मोजली आणि १९९२ मध्ये छापली. बॅजर खाली खणतो, खार वर निसटते, तिथे कायोटी उभी. वर कायोटी दिसली की खार आतच थांबते, तिथे बॅजर. बॅजरबरोबर असलेल्या कायोटीला एकटीपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त खारी मिळाल्या. पण शिकार कोणी कोणाला वाटून देत नाही. ज्याच्या तोंडात आली त्याची.

आता साठवण. इथे ऋतूंचं गणित समजून घ्यावं लागतं, नाहीतर काहीच लागत नाही. ग्राउंड स्क्विरल वर्षातला मोठा काळ जमिनीखाली झोपून काढतात. रिचर्डसन खारींमध्ये मोठे नर उन्हाळ्यातच झोपायला जातात, मग माद्या, आणि त्या वर्षीची पिल्लं सर्वांत शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरकडे. म्हणजे उन्हाळा उतरताना माळावर खार दिसेनाशी होते, पण नाहीशी होत नाही. ती दोन-तीन हात खाली गोळा होऊन पडलेली असते, गार, जवळजवळ हालचाल नसलेली. कायोटीला, ससाण्याला तिचा उपयोग संपला. बॅजरला मात्र हाच सुगीचा काळ. झोपलेल्या खारीला पळता येत नाही, तोंडं बुजवायची गरज नाही, फक्त वास घेऊन नेमकं वरून खणायचं.

याच काळात साठवण दिसते. मिचनर यांनी २००० मध्ये जर्नल ऑफ मॅमॉलॉजीत बॅजरच्या खारी पुरून ठेवण्यावर स्वतंत्र लेखच लिहिला. माझाही अनुभव याच काळातला आहे. एका रात्रीत बॅजरला पोटाला लागतात त्यापेक्षा जास्त खारी मिळतात. जास्तीची तो मारतो आणि तिथेच, कधी खारीच्याच बिळात, कधी स्वतः उकरलेल्या मातीत दाबून टाकतो. एकेक, दोन-दोन, वेगवेगळ्या जागी. आपल्याकडे धान्याची कणगी भरतात तसं एका जागी भरून ठेवलेलं कोठार मी कधी पाहिलेलं नाही. वसाहत मोठी असेल आणि जमीन मऊ असेल तर अशा पुरलेल्या जागा थोड्या अंतरात बऱ्याच सापडतात, त्यामुळे कोठार असल्याचा भास होतो. जुन्या ट्रॅपरांच्या, म्हणजे सापळे लावणाऱ्यांच्या, तोंडून ‘बॅजरच्या गोदामाच्या’ गोष्टी ऐकायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच माझ्या मते अशा विखुरलेल्या जागांच्याच आहेत, सांगताना एकत्र झालेल्या.

ससा मोठा पडतो. जॅकरॅबिट मारला किंवा मेलेला सापडला तर तो जिथे आहे तिथेच उथळ खड्डा करून झाकलेला असतो, बहुतेक वेळा एखादा कान किंवा मागचा पाय बाहेर राहिलेला. युटाच्या त्या वासरापर्यंत नोंदींमध्ये बॅजरनं पुरलेली मोठ्यात मोठी गोष्ट जॅकरॅबिटच होती. म्हणून त्या फोटोंनी अभ्यासकांना धक्का बसला. रँचवर राबणाऱ्यांना ‘मेलेलं वासरू काल इथे होतं, आज नाही’ हा अनुभव नवा नव्हता. फक्त दोष नेहमी कायोटीवर जायचा. मी आता असं काही ऐकलं की पहिल्यांदा जमीन बघतो, ओढल्याच्या खुणा नंतर शोधतो.

एकच अपवाद सांगायला हवा. मार्च-एप्रिलमध्ये मादी विते, आणि पिल्लं बिळात असेपर्यंत ती शिकार तोंडात धरून बिळाकडे नेते. तेव्हा अन्नाजवळ घर हे सूत्र तिला पाळता येत नाही, पिल्लं हलवणं सोपं नसतं. तरीही तिनं निवडलेलं बीळ खारींच्या वसाहतीच्या लगतच असतं, हे मी वारंवार पाहिलंय. त्या काळात तिच्या बिळाच्या तोंडाशी खारींचे अवशेष दिसतात. एरवी बॅजरच्या बिळाबाहेर हाडं, कातडी फारशी पडलेली नसतात.

सापळेवाल्यांकडे ही माहिती कशी आली, हे आता. कायोटी आणि कोल्ह्यासाठी आम्ही जी सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची मांडणी करतो तिला डर्ट-होल सेट म्हणतात. तिरकस खणलेलं एक छोटं भोक, त्याच्या तळाशी मांसाचा तुकडा किंवा वासाचं आमिष, वर थोडं गवत, आणि भोकाच्या तोंडापुढे मातीखाली दडवलेला सापळा. ही मांडणी म्हणजे दुसऱ्या जनावरानं पुरलेल्या अन्नाची नक्कल आहे. कोणीतरी उरलेलं इथे दाबून गेलंय आणि ते फुकट मिळतंय, असं येणाऱ्याला वाटायला हवं. सगळी शिकारी जनावरं एकमेकांची साठवण चोरतात, आणि या मांडणीचं यश त्यावरच उभं आहे.

बॅजरइतकं या नकलीवर विश्वास ठेवणारं जनावर दुसरं नाही. कायोटी भोवती फिरते, वारा घेते, कधी दोन-दोन रात्री लांबूनच बघून जाते. बॅजर सरळ येतो. पण तो भोकाच्या तोंडानंच येईल असं नाही. वास खाली आहे ना, मग तो बाजूनं, मागून, कुठूनही खणायला लागतो. सकाळी जाऊन बघावं तर आमिष गेलेलं, भोकाच्या जागी बादलीएवढा खड्डा, आणि सापळा उलटा, उकरलेल्या मातीच्या ढिगाखाली. नवशिके ट्रॅपर म्हणतात, कायोटी फार हुशार निघाली. मातीचा ढीग पाहिला तरी कळतं. कायोटीची माती पसरलेली असते, बॅजरची एका बाजूला मागे फेकलेली, आणि तिच्यात लांब समांतर ओरखडे.

सापळ्यात पाय अडकलेला बॅजर वर ओढाताण करत नाही, खाली खणायला लागतो. साखळी पोचेल तेवढं वर्तुळ तो पूर्ण उकरून काढतो, आणि मेख आखूड असेल तर तिच्या बुडापर्यंत पोचून ती मोकळी करतो. म्हणून बॅजरच्या मुलखात लांब मेखा किंवा दोन मेखा तिरप्या एकमेकींत घालून ठोकतात. हे केवळ सापळा जाऊ नये म्हणून सांगत नाही. पायात सापळा आणि साखळी घेऊन निसटलेलं जनावर बिळात हालहाल होऊन मरतं. ज्याला मेख नीट ठोकता येत नाही त्यानं बॅजरच्या मुलखात सापळा लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि सापळा लावलाय तर तो रोज पाहावा, कायदा जास्त मुदत देत असला तरी.

आता या अनुभवाच्या मर्यादा. ट्रॅपर सांगतो ते ऐकताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, आमचा हंगाम हिवाळ्याच्या आगेमागे असतो, कारण तेव्हाच केस दाट आणि कातडं उत्तम असतं. त्यामुळे आम्हाला बॅजर दिसतो तो साठवणीच्या आणि मेलेल्या ढोरांच्या दिवसांतला. जूनमधला बॅजर काय खातो हे ट्रॅपरला फारसं माहीत नसतं. दुसरी, सापळ्यात रात्रभर अडकलेल्या जनावराचं पोट बहुतेक रिकामं निघतं, किंवा त्यात आमचंच आमिष असतं. पोट चिरून आहार ठरवायचा तर अशा जनावरांचा उपयोग कमी. तिसरी, बॅजरची विष्ठा उघड्यावर क्वचित मिळते. तो ती बिळातच टाकतो आणि मातीनं झाकतो. कायोटीची विष्ठा पायवाटेवर गोळा करता येते, बॅजरचं तसं नाही. आयोवात पॉल एरिंग्टन यांनी १९३० च्या दशकात बॅजरच्या उन्हाळी आहारावर काम केलं, मग १९४२ मध्ये स्नीड आणि हेन्ड्रिक्सन यांनी. आज विष्ठेवर सहज काम करणाऱ्यांनी तेव्हा ती मिळवायला किती बिळं उकरावी लागली असतील याचा विचार करावा. मला त्या पिढीबद्दल फार आदर आहे.

एका बाबतीत मात्र ट्रॅपरची नजर पक्की असते, ती म्हणजे चरबी. कातडं सोलून साफ करणाऱ्याच्या हाताला ती कळते. नोव्हेंबरमधल्या बॅजरच्या पाठीवर आणि कुशीत चरबीचा जाड, मऊ, तेलकट थर असतो. तोच प्राणी मार्चमध्ये हाती आला तर हाडं लागतात. यावरून माझं मत असं झालंय की बॅजरची खरी बेगमी त्याच्या कातड्याखाली असते. मातीत पुरलेल्या खारी ही वरकड. डिसेंबर-जानेवारीतले दिवस ढकलायला तेवढ्यावर भागणार नाही.

विज्ञानही याच दिशेनं बोट दाखवतं. वायोमिंग विद्यापीठाचे हेन्री हार्लो यांनी १९८१ मध्ये दाखवलं की थंडीत बॅजर खरी दीर्घनिद्रा घेत नाही, पण एकेक दिवसाच्या थोड्या-फार ग्लानीत जातो. शरीराचं तापमान सुमारे नऊ अंशांनी उतरतं आणि हृदयाचे ठोके निम्म्यावर येतात. मग उठतो, पुन्हा ग्लानी. अशानं चरबी पुरवून पुरवून वापरता येते. मिनेसोटात सार्जंट आणि वॉर्नर यांनी एका मादीवर रेडिओ लावून तिच्या हालचाली पाहिल्या आणि १९७२ मध्ये छापल्या. उन्हाळ्यात ती साडेसातशे हेक्टरच्या आसपास मुलूख फिरायची, हिवाळ्यात सुमारे दोन हेक्टरवर आली. उन्हाळ्यात बॅजर रोज नवं बीळ वापरू शकतो, आज इथे शिकार तर आज इथे मुक्काम. हिवाळ्यात एकाच बिळात दिवसेंदिवस.

हे दोन्ही एकत्र ठेवलं की युटाच्या बॅजरचं वागणं लख्ख कळतं. जानेवारीत बाहेर हिंडणं महागात पडतं. अशा वेळी २३ किलो मांस समोर आलं. ते उघड्यावर राहिलं तर दिवसा गरुड, डोमकावळे, मॅगपाय, रात्री कायोटी, कोल्हे, आणि दोन-चार दिवसांत फक्त हाडं. मातीखाली गेलं की पक्ष्यांना दिसत नाही, वास दबतो, थंड जमिनीत सडत नाही. पाच दिवसांची मेहनत एकदा केली की पुढचे दोन आठवडे अन्नाला टेकून झोपता येतं. हिशेब अगदी सरळ आहे, आणि तो जमवणारी नख्यांची ताकद फक्त याच प्राण्याकडे आहे.

कोणाची साठवण आहे हे ओळखायचं कसं, हेही विचारलं जातं. प्यूमा मारलेल्या हरणावर पालापाचोळा, गवत, काटक्या, बर्फ, जे हाताशी असेल ते चहूबाजूंनी खरवडून ओढतो. हरीण जमिनीवरच राहतं, वर पांघरूण. अस्वलाचा ढीग मोठा आणि ओबडधोबड, त्यात उपटलेली झुडपं. कोल्हा छोटी वस्तू छोट्या खड्ड्यात घालतो आणि नाकानं माती दाबतो, वरून जागा जवळपास सपाट. बॅजरच्या जागी मढं जमिनीच्या पातळीखाली गेलेलं असतं आणि एका कडेला बिळाचं तोंड असतं. ते तोंड उंचीपेक्षा रुंदीला जास्त, आडव्या लंबगोलाकार, कारण त्याचं शरीरच तसं आहे. तोंडापुढे फेकलेल्या मातीचा उतार. पावलं आत वळलेली, पुढच्या पायाच्या नख्यांचे ठसे बोटांपासून बरेच पुढे उमटलेले. एवढं दिसलं तर हात घालू नका. आत मालक असण्याची शक्यता दाट आहे, आणि बिळाच्या तोंडाशी उभा ठाकलेला बॅजर मागे हटत नाही. कॅमेरा लावा, चार-पाच मीटर लांब, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, आणि आठवडाभर तिकडे फिरकू नका.

रँचवाल्यांशी माझा नेहमी एका मुद्द्यावर वाद होतो, तो इथे मांडतो. बॅजरच्या बिळात घोड्याचा पाय जातो, पाटाच्या बांधाला भोक पडतं, ही तक्रार खरी आहे. पण तोच रँचवाला खारी आणि प्रेअरी डॉग मारायला विष टाकतो. रक्त न गोठू देणारी जी विषं आहेत ती कुरतडणाऱ्या प्राण्याला लगेच मारत नाहीत. तो काही दिवस हळूहळू मरतो, बऱ्याचदा बिळात. आता जे जनावर वासानं बिळातली खार नेमकी हुडकतं, मेलेलंही खातं, आणि मिळेल ते मातीत दाबून नंतर परत येऊन खातं, त्याच्या वाट्याला किती विष येईल याचा विचार करा. गरुडाला किंवा कायोटीला वर पडलेलं मढं मिळतं. बॅजरला वरचंही मिळतं आणि खालचंही. स्ट्रिक्निन हे दुसऱ्या जातीचं, झटपट मारणारं विष. कॅनडात खारींसाठीचा त्याचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद होऊन २०२३ मध्ये थांबला, ते योग्यच झालं. जिथे बॅजर आहे तिथे खारींवर आधी त्याला काम करू द्या, एवढंच मी सांगतो. बांधावरचं एखादं बीळ बुजवता येतं. माझ्या कायोटीच्या सापळ्यात आलेला बॅजर, पाय धड असेल आणि मालकाची हरकत नसेल तर, मी फासकाठीनं धरून तिथेच सोडतो.

बॅजर सगळीकडे सारख्या संख्येनं नाही, हेही सापळा हातात घेणाऱ्यानं जाणून असावं. ब्रिटिश कोलंबिया आणि ऑन्टारिओत तो धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोडतो. विस्कॉन्सिन तर स्वतःला बॅजरचं राज्य म्हणवतं आणि तिथे त्याला धरायला बंदी आहे. इकडच्या माळांवर तो अजून बऱ्यापैकी आहे, पण खारींची वसाहत नांगराखाली गेली की पाठोपाठ तोही जातो.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी शेवटचं. हा बॅजर उत्तर अमेरिकेबाहेर नाही. युरोपातला बॅजर वेगळा, कुटुंबानं राहणारा, गांडुळांवर पोसलेला. महाराष्ट्रात ज्याला चांदी अस्वल म्हणतात तो रेटेल, म्हणजे हनी बॅजर. तोही खणणारा आणि निशाचर, पण दूरचा नातेवाईक, त्यामुळे वर लिहिलेलं साठवणीचं वर्णन त्याला लावू नका. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्याच्यासाठी सापळा लावणं हा गुन्हा आहे. शेताच्या बांधावर ताजं मोठं उकरण दिसलं आणि त्याचाच संशय आला, तर वर सांगितल्याप्रमाणे कॅमेरा लावा किंवा वनखात्याच्या माणसाला दाखवा. त्याच्या महाराष्ट्रातल्या नोंदी तुरळक आहेत, त्यामुळे एक स्पष्ट फोटोसुद्धा अभ्यासकांना मोलाचा वाटेल.